तीन मिनिटांचे खाँसाहेब

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या जगात दुसरा अल्बम ही एक वेगळी कसोटी मानली जाते. पहिल्या अल्बमात कलावंत आजवर साठलेले सारे ओतून मोकळा होतो. दुसऱ्या वेळी मात्र आपण नेमके कोण आहोत, हे त्याला ठरवावे लागते. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात चार तरुणांनी ‘स्लिंट’ नावाचा एक चमू काढला होता. ‘स्पायडरलँड’ हा त्यांचा दुसरा अल्बम १९९१ मध्ये बाजारात आला, तोवर चमू मोडलेलाही होता. सुरुवातीला त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे मात्र तो हातोहात, कानोकानी पसरला आणि २०१४ मध्ये त्याचे साग्रसंगीत पुनर्प्रकाशन झाले. त्यात कच्ची ध्वनिमुद्रणे होती, छायाचित्रे होती, चमूवरचा एक माहितीपटही होता. गाणी तीच राहिली, पण ती कोणी, कोठे, कशी केली, याचा वृत्तांत त्यांच्या शेजारी येऊन बसला.

आमच्या माधवनगरपासून मिरज हाकेच्या अंतरावर आहे. सांगली ओलांडली की मिरज आलीच. तेथे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ज्या गायकाची कबर आहे, त्याच्याही आयुष्यात एक ‘पहिले’ आणि एक ‘दुसरे’ ध्वनिमुद्रण होते. त्याच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाची पुनर्प्रकाशने तर गेली कित्येक दशके निघतच आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांना रॉक संगीताच्या पंक्तीला बसवण्याचा आमचा हेतू नाही. पण एका छोट्या गावच्या, मोडून गेलेल्या चमूच्या दुसऱ्या अल्बमला जी ऐतिहासिक इभ्रत मिळते, ती किराणा घराण्याच्या प्रवर्तकाच्या तबकड्यांना आपण दिली आहे काय, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी या दोन ध्वनिमुद्रणांचा इतिहास पाहावा लागेल.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाली. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ आपली यंत्रे घेऊन आला आणि गौहरजानसारख्या गायिकांचे आवाज त्याने मेणाच्या चकत्यांवर उतरवले. पाठोपाठ कंपनीच्या आणखी मोहिमा निघाल्या. त्यांपैकीच एका मोहिमेत, १९०५ च्या सुमारास, अब्दुल करीम खाँ प्रथम ध्वनिमुद्रित झाले. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. म्हणजे वय तेव्हा तेहेतिशीच्या आतबाहेर. बडोद्याच्या दरबारातली नोकरी सुटलेली, ताराबाई माने यांच्याबरोबर त्यांनी मुंबईची आणि मग मिरजेची वाट धरलेली. संसार नुकताच उभा राहत होता. मुलगा अब्दुल रहमान १९०२ चा आणि मुलगी चंपू १९०५ ची, मिरजेत जन्मलेली.

तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरत जायची. आवाज नाजूक असेल तर रेघ उमटायचीच नाही. तबकडी एकाच बाजूची. गाणे संपताना गायकाने स्वतःचे नाव पुकारण्याची तेव्हाची एक पद्धतही अनेक तबकड्यांत ऐकू येते. या पहिल्या तबकड्यांतला करीम खाँ तरुण आहे. आवाजात जोर आहे, तानांना वेग आहे आणि कर्ण्याला पुरे पडण्याची ईर्ष्या आहे. ज्या संथ, आर्त, स्वराला बिलगून राहणाऱ्या गायकीसाठी पुढे ‘किराणा’ हे नाव रूढ झाले, ती येथे शोधू गेल्यास फार थोडी सापडते. ही एका घडणाऱ्या गायकाची वही आहे.

या दोन ध्वनिमुद्रणांमध्ये सुमारे तीन दशके गेली. तेवढ्या काळात माणूस बदलला, गाणे बदलले आणि यंत्रही बदलले.

माणसाचे आधी पाहू. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थ्यांना घरात ठेवून शिकवण्याची गुरुकुलाची रीत आणि तिकिटे लावून जलसे करण्याची नवी रीत, दोहोंचा मेळ त्यांनी तेथे घातला. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, बेहेरेबुवा, कपिलेश्वरीबुवा ही त्यांची शिष्यमंडळी. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींच्या मोजमापाचा ध्यास घेऊन बसले होते. बावीस श्रुतींवरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. या शोधात त्यांना आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाला ज्या गळ्याचा आधार मिळाला, तो अब्दुल करीम खाँचा. श्रुतींच्या हिशेबाने बनवलेली हार्मोनियम १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली आणि तिच्यावर कडाक्याचा वादही झाला. वादात कोण बरोबर होते, हा येथे आमचा विषय नाही. आम्हांला लक्षात ठेवायचे आहे ते एवढेच, की हा गायक स्वराच्या केसाएवढ्या अंतराबद्दल जागरूक होता आणि ती जागरूकता त्याच्या गाण्याचा प्राण बनत गेली.

मग १९२२ च्या सुमारास संसार मोडला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपूच्या हिराबाई बडोदेकर झाल्या आणि धाकट्या भावंडांतल्या सरस्वती पुढे सरस्वती राणे म्हणून गाजल्या. वडिलांच्या घराण्यातली मुले वडिलांपासून दूर झाली. त्यांच्या पुढच्या तालमीत अब्दुल वहीद खाँसाहेबांचा वाटा मोठा राहिला. १९२० च्या दशकातच हिराबाईंच्या तबकड्या निघू लागल्या आणि घराघरांत पोचल्या. ज्या वर्षांत वडिलांचा आवाज प्रथम तबकडीवर उतरला, त्याच वर्षांत जन्मलेली मुलगी वडिलांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाआधी स्वतः तबकड्यांवरची प्रसिद्ध गायिका झाली होती. खाँसाहेब १९३० च्या दशकात पुन्हा ध्वनिमुद्रणाला बसले, तेव्हा ज्या बाजारात ते पाऊल टाकत होते, त्यात त्यांचे स्वतःचे, पण दुरावलेले रक्त आधीच मान्यता मिळवून बसले होते. संगीताच्या इतिहासात अशी उलटी वंशावळ क्वचितच भेटते.

गाण्यातला बदलही थोडा नव्हता. म्हैसूर दरबार आणि दक्षिणेतले दौरे यांमुळे कर्नाटक संगीताशी खाँसाहेबांचा घरोबा झाला. ख्यालात सरगम घेण्याची त्यांची लकब दक्षिणेकडून आली, असे जाणकार मानतात. तंबोऱ्यावरचे त्यांचे प्रेम तर दंतकथेत जमा झालेले. जवारी लागेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. त्यासाठी मिरजेइतके योग्य गाव दुसरे नव्हते. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर आणि त्यांच्या भाऊबंदांनी येथे सुरू केलेला तंतुवाद्यांचा व्यवसाय आजही चालू आहे. पंढरपूरच्या परिसरातला भोपळा मिरजेत येतो आणि तंबोरा होऊन देशभर जातो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

राहिले यंत्र. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, कर्णा गेला आणि मायक्रोफोन आला. आता ओरडण्याची गरज उरली नाही. श्वासाच्या काठाने लावलेला स्वरही मेणावर उमटू लागला. हा बदल करीम खाँसारख्या गायकासाठीच झाला होता की काय, असे वाटावे इतके दोघांचे जमले. गायक यंत्राजवळ नव्हे, यंत्रच गायकाजवळ आले.

१९३० च्या दशकात ओडियनच्या शिक्क्याखाली खाँसाहेबांच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्या म्हणजे आमच्या लेखी त्यांचा ‘दुसरा अल्बम’. झिंझोटीतली आणि भैरवीतली ठुमरी, बसंत, जोगिया, सरपरदा, खरहरप्रियेतली त्यागराजांची कृती आणि ‘मानापमान’ नाटकातले एक मराठी पद यांत आहे. या शेवटच्या निवडीकडे आम्ही थोडे थांबून पाहू इच्छितो. ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगमंचावर आले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांचा जन्मही १८७२ च्या नोव्हेंबरातलाच. कैरान्यात आणि सांगलीत एकाच महिन्यात जन्मलेली दोन माणसे मराठी नाट्यपदाच्या एका तबकडीवर एकत्र यावीत, हा योगायोग खराच. पण त्यामागचे कारण योगायोगाचे नाही. ज्या संस्थानी पट्ट्यात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले, जेथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुसकरांना ख्याल शिकवला, तेथे उत्तरेतून आलेल्या गवयाला नाट्यपद परके वाटण्याचे कारण नव्हते. हिंदुस्थानी, कर्नाटक आणि मराठी नाट्यसंगीत अशा तीन परंपरा एका गळ्यातून, एकाच तबकड्यांच्या संचात याव्यात, हे मिरजेच्या भूगोलाचेच फळ होते.

एका बाजूला सुमारे तीन मिनिटे. तासभर राग मांडणाऱ्या गायकाला ही कैद वाटणे स्वाभाविक होते. तरी या तबकड्या ऐकताना घाई जाणवत नाही. खाँसाहेबांनी मैफिलीचा ख्याल कात्रीने कापून तीन मिनिटांत कोंबलेला नाही. त्यांनी तीन मिनिटांची एक स्वतंत्र आकृती रचली आहे. पहिल्याच स्वराला रागाचा चेहरा उभा करायचा, दोनचार जागांवर तो खुलवायचा आणि श्रोत्याचे मन भरायच्या क्षणभर आधी थांबायचे, असा तिचा घाट. मैफिलीतल्या विस्ताराची भूक ती चाळवते, भागवत मात्र नाही.

या तबकड्यांचा परिणाम किती दूर गेला, याची दोनच उदाहरणे पुरेत. झिंझोटीतली ठुमरी कुंदनलाल सैगलांनी प्रमथेश बरुआंच्या हिंदी ‘देवदास’मध्ये आपल्या ढंगाने गायली आणि ती चित्रपटाच्या प्रेक्षकांपर्यंत गेली. दुसरे उदाहरण गदगचे. तेथे लहानग्या भीमसेन जोशींच्या कानांवर खाँसाहेबांची तबकडी पडली आणि आपणही असेच गायचे, या वेडाने त्यांनी घर सोडले. ही हकिकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पुढे १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे त्यांची तालीम सुरू झाली. म्हणजे शिष्याचा शिष्य आधी तबकडीचा शिष्य होता. घराणे गुरुमुखातून पुढे जाते, हे सूत्र येथे प्रथमच मोडले असे म्हणणार नाही. पण इतक्या ठळकपणे ते पूर्वी कोठे मोडले असेल, तर ते आमच्या पाहण्यात नाही.

तबकड्या निघाल्यानंतर काही थोड्याच वर्षांत, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोइल या लहान स्थानकावर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातले गेले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. अखेरच्या घटकांत त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि प्रार्थना गायली, असे सांगतात. त्यांचे दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या सान्निध्यात झाले.

येथून पुनर्प्रकाशनाचा इतिहास सुरू होतो. हिंदुस्थानातला ओडियनचा व्यवहार गुंडाळला गेला आणि ही गाणी कोलंबियाच्या शिक्क्याखाली पुन्हा निघाली. लाँग-प्ले तबकड्या आल्या, तेव्हा त्यांवर ती ओळीने बसवली गेली. मग कॅसेट, मग सीडी, आणि आता आंतरजाल. दर वेळी नवा श्रोता मिळाला, हे मान्य करायला हवे. लाँग-प्ले निघाली नसती, तर आमच्या पिढीला खाँसाहेब केवळ नावाने ठाऊक राहिले असते. पण दर वेळी काहीतरी गळतही गेले.

पहिली गळती संदर्भाची. तीन मिनिटांनंतर उठून तबकडी उलटावी लागत असे. त्या उठण्याबसण्यात दोन रागांमध्ये एक शांतता असे. लाँग-प्लेच्या एका बाजूवर सहासात गाणी सलग आली, तेव्हा ती शांतता संपली. पहाटेचा जोगिया आणि वसंतातला बसंत शेजारी येऊन बसू लागले. स्वतंत्र तीन मिनिटांच्या आकृती एका लांब पट्टीचे तुकडे वाटू लागल्या.

दुसरी गळती स्वराची, आणि ती अधिक गंभीर. जुन्या तबकड्यांचा वेग मिनिटाला ७८ फेरे, असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात वेगवेगळ्या कंपन्या आणि वेगवेगळी सत्रे यांच्या वेगात फरक असे. ८० फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर पट्टी सुमारे अडीच टक्क्यांनी उतरते. एका अर्धस्वराचा हा जवळजवळ निम्मा भाग झाला. सुराशी सुराचे नाते यात बदलत नाही, कारण सारेच स्वर एकाच प्रमाणात खाली सरकतात. देवलांच्या श्रुतींना त्याने धक्का लागत नाही. धक्का लागतो तो लयीला आणि आवाजाच्या जातीला. खाँसाहेबांचा आवाज उंच पट्टीतला, बारीक, टोकदार. तो थोडा खाली ओढला, तर जड आणि उदास होतो. वर चढवला, तर किनरा आणि घायकुतीला आलेला वाटतो. त्यांच्या गाण्यातली आर्तता कितपत गळ्याची आणि कितपत यंत्राच्या चुकीच्या वेगाची, हे वेग तपासल्याखेरीज सांगता येत नाही. आमच्यापैकी काहींनी माधवनगरात एक जुनी कॅसेट आणि नंतरची एक सीडी पाठोपाठ वाजवून पाहिल्या. एकच ठुमरी, आणि तंबोरा मात्र दोन वेगळ्या पट्ट्यांत जुळवावा लागला.

तिसरी गळती खरखर काढण्याच्या हौसेतून झाली. जुन्या तबकडीची खरखर वरच्या कंपनांच्या पट्ट्यात असते. आवाजाची धार आणि तंबोऱ्याची झंकार यांचा बराचसा अंश त्याच पट्ट्यात राहतो. खरखर गाळताना तीही गाळली जाते. जो गायक जवारीसाठी जीव टाकत असे, त्याच्याच ध्वनिमुद्रणातून जवारी पुसून आपण त्याला ‘स्वच्छ’ केले, असे म्हणावे लागते.

चौथी गळती माहितीची. तबकडीच्या लेबलावर गायक, बोल, राग आणि क्रमांक असे. साथीदारांना तेथे सहसा जागा नसे. पुनर्प्रकाशनाने ती उणीव भरून काढायला हवी होती. झाले बहुतेक उलटे. क्रमांक गेला, साल गेले, मूळ कंपनीचे नाव गेले. प्रताधिकाराच्या कायद्यानुसार आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकते. म्हणजे १९३० च्या दशकातल्या तबकड्या शतक संपता संपता सर्वांसाठी खुल्या झाल्या. खुल्या झाल्या हे चांगलेच; पण जे सर्वांचे, त्याची जबाबदारी कोणाचीच नाही, हाही अनुभव त्याबरोबर आला. आज आंतरजालावर खाँसाहेबांचे एकेक गाणे दहा ठिकाणी आढळते, आणि त्यांपैकी किती ठिकाणी साल लिहिलेले असते, हे वाचकांनीच मोजून पाहावे.

सारेच अंधारात आहे, असे नाही. कपिलेश्वरीबुवांनी लिहिलेले गुरूंचे विस्तृत चरित्र जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७२ मध्ये, आले. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनियर यांनी खाँसाहेबांच्या तबकड्यांची चरित्रासह सूची २००३ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या सभासदांनी जुन्या तबकड्या जपल्या आणि त्यांबद्दल लिहिले. म्हणजे सामग्री आहे. जो संच बाजारात किंवा आंतरजालावर श्रोत्याच्या हाती पडतो, त्याच्याशी ती जोडली जात नाही, एवढेच.

या गळतीचा सर्वांत मोठा परिणाम आमच्या मते इतिहासदृष्टीवर झाला. पुनर्प्रकाशने जवळजवळ सारी दुसऱ्या ध्वनिमुद्रणाची झाली. १९०५ च्या सुमाराचा तरुण, जोरकस करीम खाँ संग्राहकांच्या कपाटात राहिला आणि उतारवयातला, आर्त करीम खाँ हाच एकमेव करीम खाँ ठरला. त्यावरून किराणा घराणे जन्मतःच संथ आणि हळवे होते, असा समज रूढ झाला. वास्तविक ती गायकी एका माणसाने तीस वर्षांत, श्रुतींच्या शोधातून, दक्षिणेच्या ओढीतून आणि मोडलेल्या संसारातून, घडवत नेलेली होती. दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली, तरच हा प्रवास ऐकू येतो. केवळ दुसरे ठेवले, तर प्रवासाचा मुक्काम तेवढा दिसतो आणि आपण त्यालाच उगम समजतो.

तेव्हा खाँसाहेबांच्या तबकड्यांचे जे पुनर्प्रकाशन व्हायला हवे, त्याचा आराखडा अवघड नाही. दोन्ही काळांची ध्वनिमुद्रणे कालक्रमाने एकत्र असावीत. प्रत्येक बाजूचे साल, क्रमांक आणि मूळ कंपनी नोंदवलेली असावी. वाजवण्याचा वेग कशावरून ठरवला, ते सांगितलेले असावे. खरखर गाळलेली प्रत द्यायचीच असेल, तर न गाळलेली प्रतही शेजारी असावी. साथीदारांची जी नावे खात्रीने कळतात, ती छापावीत. हिंदी, तेलुगू आणि मराठी बोल शुद्ध लिहावेत. त्याबरोबरच्या पुस्तिकेत कैराना, बडोदे, पुणे, म्हैसूर आणि मिरज यांच्या बरोबरीने ताराबाईंचे नाव असावे, आणि अब्दुल रहमान व चंपू या नावांचे पुढे काय झाले, तेही असावे. या गायकाच्या घरात दोन धर्म, तीन भाषा आणि दोन संगीतपद्धती नांदत होत्या. तबकडीवर त्यांतले बरेच उतरले आहे. वेष्टनावर मात्र ते अजून उतरायचे आहे.

लुइव्हिलच्या तरुणांना हे अवघ्या तेवीस वर्षांत मिळाले. मिरजेच्या खाँसाहेबांची पहिली तबकडी निघून आता सव्वाशे वर्षे होत आली. त्यांच्या स्मृतीसाठी दर्ग्यात दर वर्षी नामवंत गायक येऊन हजेरी लावतात आणि ऐकणारे रात्री जागवतात. ही जाग जिवंत आहे, म्हणूनच आमची मागणी कोणाला अवाजवी वाटू नये. जे गाव तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा किती सरकवायचा, याबद्दल आजही तडजोड करत नाही, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या गायकाच्या तबकडीच्या वेगाबद्दल ती का करावी?